इंजिन बसलं, पण गाडी कधी चालणार?

ताडपत्रीखाली झाकलेली, बॉनेट काढून भिंतीला टेकवलेली जुनी स्पोर्ट्स कार दिसली की मला फार वाईट वाटतं. आत डोकावलं तर इंजिन बहुतेक वेळा जागेवरच असतं. धुतलेलं, रंगवलेलं, माउंटिंगवर घट्ट बसलेलं. भोवती मात्र लोंबणाऱ्या वायरी, तोंडात चिंध्या कोंबलेले पाइप आणि ताकद मागच्या चाकांकडे नेणारा, पण गिअरबॉक्सपर्यंत न पोहोचणारा प्रोपेलर शाफ्ट. मालकाला जे काम सगळ्यात अवघड वाटत होतं ते त्याने केलेलं असतं, आणि गाडी नेमकी त्यानंतर अडलेली असते. मग वर्षानुवर्षं ते घोंगडं भिजत पडतं.

असं होतं, कारण इंजिन बदलणं आणि इंजिन बसवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिन गाडीला अनेक ठिकाणी जोडलेलं असतं. ते माउंटिंगवर बसतं, गिअरबॉक्समधून ताकद पुढे देतं, रेडिएटरमधून थंड होतं, टाकीतून पेट्रोल घेतं, सायलेन्सरमधून धूर सोडतं, वायरींमधून गाडीच्या बाकीच्या भागांशी बोलतं. कंपनीने हा प्रत्येक सांधा मूळ इंजिनासाठी आखलेला असतो. दुसरं इंजिन आणलं की ते सगळे सांधे घरच्या गॅरेजमध्ये आपण नव्याने आखायचे असतात. खरं काम सांध्यांचं आहे, आणि या लेखात तेच एकेक करून पाहू.

हा प्रकार काही आजचा नाही. अमेरिकी रेसर कॅरोल शेल्बीने १९६२ मध्ये एसी कंपनीच्या एस या हलक्या ब्रिटिश गाडीत फोर्डचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन बसवलं आणि कोब्रा जन्माला आली. १९६४ ची सनबीम टायगर म्हणजे सनबीम अल्पाइनमध्ये बसवलेलं ४.२ लिटरचं फोर्ड व्ही-८. तिथे जागा इतकी अपुरी पडली की मागच्या एका स्पार्क प्लगपर्यंत पाना जाईना. शेवटी इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला भोक ठेवून त्यावर रबरी बूच बसवलं. तो एक प्लग बदलायचा तर गाडीच्या आतून हात घालायचा. कारखान्यातल्या लोकांवर ही पाळी आली, हे घरी काम करणाऱ्याने लक्षात ठेवलेलं बरं. इंजिन बसतंय का एवढंच पाहून चालत नाही. बसल्यावर त्याच्या प्रत्येक नटबोल्टपर्यंत हात जाईल का, हेही तेव्हाच पाहायचं.

१९७३ ची एमजीबी जीटी व्ही-८ मला जास्त शहाणी वाटते. तिच्यात रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ होतं. सिलिंडर दुप्पट, पण ते ॲल्युमिनियमचं असल्याने वजन मूळच्या ओतीव लोखंडी चार सिलिंडर इंजिनाच्या आसपासच राहिलं. स्पोर्ट्स कारची मजा वळणावर असते आणि ती पुढच्या चाकांवर किती भार आहे यावर ठरते. नाकापेक्षा मोती जड झाला की गाडी सरळ रस्त्यावर पळते, पण वळताना नाक बाहेरच्या बाजूला ओढत राहते. म्हणून इंजिन निवडताना मी आधी वजन पाहतो, मग लांबी-रुंदी, मग तेलाच्या चेंबरचा आकार. हॉर्सपॉवर सगळ्यात शेवटी.

आकाराच्या बाबतीत नुसत्या लिटरवर जाऊ नका. जनरल मोटर्सचं एलएस हे व्ही-८ याचं उत्तम उदाहरण. त्यातलं पहिलं, ५.७ लिटरचं एलएस-१, १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आलं. त्यात झडपा उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, एकच आणि तोही ब्लॉकच्या पोटात, त्यामुळे वरची हेड लहान राहतात. दोन्ही हेडवर दोन-दोन कॅमशाफ्ट असलेलं कमी लिटरचं व्ही-८ सुद्धा याच्यापेक्षा रुंद भरतं. म्हणूनच माझ्दा आरएक्स-७ किंवा डॅटसन २४०झेड अशा गाड्यांत हे इंजिन इतक्या लोकांनी बसवलंय.

दुसरी एक बारीक गोष्ट म्हणजे इंजिन फिरतं कुठल्या दिशेने. पुढची चाकं चालवणाऱ्या होंडांची जुनी चार सिलिंडर इंजिनं, उदाहरणार्थ बी मालिका, बाकी बहुतेक गाड्यांच्या उलट फिरतात. असं इंजिन मागची चाकं चालवणाऱ्या गाडीच्या गिअरबॉक्सला जोडलं तर पुढे जायला एक गिअर मिळेल आणि मागे जायला चार-पाच. २००१ मध्ये आलेली के मालिका मात्र सगळ्यांसारखी फिरते. पहिल्या पिढीच्या माझ्दा एमएक्स-५ मध्ये या मालिकेतलं २.४ लिटरचं के-२४ बसवण्याची जी पद्धत पडली, तिच्यामागे हे साधं कारण आहे.

आणि कधीकधी योग्य इंजिन त्याच घराण्यात असतं. याच एमएक्स-५ मध्ये सुरुवातीला १.६ लिटरचं इंजिन होतं, नंतर १.८ आलं. ते १.८ जुन्या गिअरबॉक्सला जसंच्या तसं जोडलं जातं. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याला मी मनापासून हेच सुचवेन. गाडी महिन्या-दोन महिन्यांत रस्त्यावर येते आणि काम पूर्ण करण्याची सवय लागते.

आता समजा इंजिन ठरलं. ते आत उतरवण्याआधी मोकळा ब्लॉक, हेड आणि रिकामा गिअरबॉक्स एवढंच जोडून बसवून पाहा. पिस्टन, क्रँक, फ्लायव्हील काहीच नाही. वजन बरंच कमी होतं आणि तो सांगाडा पन्नास वेळा खालीवर करता येतो. खरंच तेवढ्या वेळा करावाच लागतो. सगळ्यात आधी चेंबर आडवा येतो. पुढच्या सस्पेन्शनचा आडवा दांडा, म्हणजे क्रॉसमेंबर, नेमका चेंबरच्या खालून जातो. काही इंजिनांत चेंबरचा खोल भाग पुढे असतो, काहींत मागे. तो क्रॉसमेंबरवर येत असेल तर वेगळा चेंबर आणि त्यासोबत तेल ओढणारी वेगळी नळी बसवायची. इंजिन उचलून घेणं हा उपाय नाही, कारण मग बॉनेट लागत नाही आणि भारही वर सरकतो. उलट चेंबर क्रॉसमेंबरच्या खाली लोंबत ठेवला तर पहिल्याच गतिरोधकावर फुटेल.

अंतरं मोजायला मला मुलांच्या खेळण्यातली मऊ माती सगळ्यात भरवशाची वाटते. इंजिनाच्या उंच भागांवर मातीचे गोळे ठेवायचे, बॉनेट हळूच लावायचं आणि उघडायचं. चेपल्यावर गोळ्याची जितकी जाडी उरली तितकी तिथे जागा. इंजिन स्थिर नसतं, रबरी माउंटिंगवर ते जोर लागताना एका बाजूला कलतं, म्हणून सगळीकडे दोन सेंटिमीटर तरी मोकळे ठेवा. स्टीअरिंगचा दांडा आणि सायलेन्सरचा मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर गोळा करणारे तापलेले पाइप) यांची गाठ तर हमखास पडते. स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहायचं. ब्रेकचे पाइप आणि मास्टर सिलिंडर मॅनिफोल्डजवळ येत असतील तर मध्ये उष्णता अडवणारा पत्रा हवाच, कारण ब्रेक ऑइल उकळलं की पेडल मऊ पडतं आणि ब्रेक लागत नाहीत.

माउंटिंगचे ब्रॅकेट वेल्डिंग करताना बॅटरी आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, दोन्ही सोडवून ठेवा. वेल्डिंगमध्ये हात बसलेला नसेल तर ब्रॅकेट नुसते टाचून घ्या आणि पूर्ण वेल्ड जाणकाराकडून करून घ्या.

यानंतर येतो माझ्या मते सगळ्यात नाजूक सांधा: इंजिन आणि गिअरबॉक्स. दोन्ही वेगळ्या घरचे असतील तर त्यांच्या बोल्टची भोकं जुळत नाहीत. मध्ये एक ॲडॅप्टर प्लेट लागते. ती दिसते नुसता भोकं पाडलेला जाड पत्रा, पण तिच्यावर फार मोठी जबाबदारी असते. क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत आणणं हे तिचं काम. फ्लायव्हीलवर डायल गेज लावून, बेल हाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनाकडच्या घंटेसारख्या कवचाच्या, गोल भोकाच्या कडेवर त्याची सुई टेकवून क्रँक एक फेरी हाताने फिरवायचा. सुई साधारण ०.१३ मिलिमीटरपेक्षा जास्त हलली तर मध्य चुकलेला आहे. डोळ्याला हे अजिबात दिसत नाही, गाडी सुरूही होते, गिअरही पडतात. मग काही हजार किलोमीटरनंतर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं पायलट बेअरिंग ओरडायला लागतं, क्लच थरथरतो, आणि सगळं पुन्हा खाली उतरवावं लागतं. त्या एका तासाची टाळाटाळ कोणी करू नये.

क्लचचं गणित ऐकायला गमतीचं आहे. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट इंजिनाच्या बाजूची, पण क्लच प्लेटच्या मधले दाते ज्या शाफ्टवर सरकतात तो गिअरबॉक्सचा. म्हणजे क्लच प्लेट बाहेरून इंजिनाला आणि आतून गिअरबॉक्सला जुळली पाहिजे. स्टार्टरही विसरू नका. त्याचे दाते फ्लायव्हीलच्या दात्यांत किती खोल शिरतात हे प्लेटच्या जाडीवर ठरतं.

प्रोपेलर शाफ्ट मोजून कापून घ्यावा लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या कोनाकडे मात्र फार कमी जण बघतात. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे कोनातही फिरू शकणारा सांधा, असतो. क्रॉस कोनात चालत असेल तर एका बाजूचा दांडा एकसारखा फिरत असतानाही दुसऱ्या बाजूचा प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन ३ अंश असेल तर हा फरक जेमतेम ०.१४ टक्के. १० अंश असेल तर दीड टक्का. शाफ्ट मिनिटाला ६,००० फेऱ्या करत असेल तर हा धक्का सेकंदाला २०० वेळा बसतो, आणि सीटखाली जी गुणगुण जाणवते ती हीच. मागचा क्रॉस पुढच्याच्या उलट धावला की दोघांचा फरक एकमेकांत जिरतो. त्यासाठी गिअरबॉक्समधून निघणारा दांडा आणि डिफरेन्शियलमध्ये (दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीत) जाणारा दांडा एकमेकांना समांतर हवेत. इंजिन मागे ३ अंश खाली झुकलं असेल तर डिफरेन्शियलचं नाक ३ अंश वर हवं. कोन पूर्ण शून्यही नको, अर्धा अंश तरी असू द्या. नाहीतर क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया जागच्या जागी राहून तिथेच खड्डे पाडतात. मोबाइलमधल्या कोन मोजणाऱ्या ॲपने हे पाच मिनिटांत तपासता येतं.

एमएक्स-५ मध्ये इथे एक खाच आहे. तिच्यात गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल ॲल्युमिनियमच्या एका लांब तुळईने एकमेकांना जखडलेले असतात. मूळ गिअरबॉक्स ठेवला तर कोनांची काळजी ती तुळईच घेते. गिअरबॉक्स बदलला की तुळई जाते, आणि डिफरेन्शियलचं नाक धरून ठेवायला दुसरी सोय करावी लागते. एक बदल दुसऱ्याला ओढून आणतो तो असा.

डिफरेन्शियलचं निघालंच आहे तर, १.६ च्या एमएक्स-५ मध्ये आतलं मोठं चक्र सहा इंची होतं, १.८ मध्ये ते सात इंची झालं. दुप्पट जोराच्या इंजिनाला ते सहा इंची चक्र पुरणार नाही. शिवाय त्याचं गुणोत्तर ४.३, म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्ट ४.३ वेळा फिरतो. चार सिलिंडरच्या लहान इंजिनाला ते बरोबर आहे, पण कमी फेऱ्यांत जोर देणाऱ्या व्ही-८ सोबत पहिला गिअर टाकतो न टाकतो तोच संपतो.

गाडी थंड ठेवणं हा पुढचा सांधा. जळलेल्या पेट्रोलमधली ढोबळमानाने एक तृतीयांश शक्ती चाकांकडे जाते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून, आणि उरलेली बरीचशी कूलंटमध्ये. ताकद दुप्पट घेतली की कूलंटमध्ये येणारी उष्णताही जवळपास दुप्पट. रेडिएटर मोठा हवा हे उघड आहे, पण त्रास खरा होतो तो हवेच्या बुडबुड्यांचा. स्पोर्ट्स कारचं नाक बसकं, म्हणून रेडिएटर इंजिनापेक्षा खाली राहतो आणि हवा इंजिनाच्या हेडमध्ये अडकते. तापमानाचा काटा कधी वर, कधी खाली पळतो, कारण सेन्सरला कधी पाणी लागतं, कधी वाफ. कूलंट भरायचं तोंड सगळ्यात उंच जागी ठेवा आणि भरताना गाडीचं नाक उचलून धरा. एलएस इंजिनाच्या हेडमधून निघणारी वाफेची बारीक नळी अनेक जण बूच मारून बंद करतात. तसं करू नका, ती हवा बाहेर काढायलाच दिलेली आहे.

पेट्रोलच्या बाबतीत मी कडक आहे, कारण इथली चूक आग लावते. कार्ब्युरेटरला ०.२ ते ०.३५ बार दाब पुरतो. इंजेक्शनच्या इंजिनाला ३ ते ४ बार लागतो, म्हणजे दहापट. जुने रबरी पाइप या दाबाला टिकत नाहीत. पंप, पाइप, क्लिप सगळं इंजेक्शनसाठी बनवलेलंच घ्या. पंपाला करंट अशा रिलेतून द्या की इंजिन थांबताच पंपही थांबेल. अपघातात पाइप तुटला आणि पंप चालूच राहिला तर काय होईल, याचा विचार करून पाहा. टाकीतही एक अडचण असते. जुन्या टाकीत आडपडदे कमी असतात, वळणावर पेट्रोल एका कडेला जातं आणि पंप हवा ओढतो. नेमकं त्याच वेळी इंजिनावर सगळ्यात जास्त जोर असतो, आणि पेट्रोल कमी पडलं की पिस्टन वितळू शकतो. मुख्य पंपाच्या आधी एक लहान डबा लावून तो कायम भरलेला ठेवणं हा त्यावरचा उपाय.

वायरिंगला लोक सगळ्यात जास्त घाबरतात. मला वाटतं, ती भीती अर्धवट सामान आणल्यामुळे येते. नुसतं इंजिन विकत घेऊ नका. शक्य असेल तर ज्या गाडीतलं इंजिन हवंय ती अख्खी गाडीच आणा, चालू स्थितीत, कानांनी ऐकून आणि कॉम्प्रेशन तपासून. मग वायरिंग, ईसीयू, किल्ली, इमोबिलायझर, पेडल सगळं एकमेकांना ओळखणारं मिळतं. अलीकडच्या गाड्यांत ईसीयू गिअरबॉक्सकडून, एबीएसकडून येणाऱ्या संदेशांची वाट बघतो आणि ते आले नाहीत तर ताकद रोखून धरतो. तिथे स्वतंत्र, आपल्याला हवा तसा भरता येणारा ईसीयू लावणं जास्त सोपं पडतं. जुन्या मीटरलाही नवीन भाषा शिकवावी लागते. चार सिलिंडरच्या टॅकोमीटरला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या मीटरला, क्रँकच्या एका फेरीत दोन ठोके अपेक्षित असतात, आठ सिलिंडरचं इंजिन चार देतं. मग इंजिन ३,००० वर असताना काटा ६,००० दाखवतो.

मला सगळ्यात मोठा धडा मिळाला तो एका साध्या पट्टीमुळे. माझ्या गाडीत इंजिन बसवून झालं होतं, सगळ्या वायरी दोनदा तपासल्या होत्या. किल्ली फिरवली तर स्टार्टर कण्हत अर्धी फेरी फिरला आणि थांबला. बॅटरी कमजोर असेल म्हणून पुन्हा फिरवली. तेवढ्यात ॲक्सिलरेटरच्या केबलमधून धुराची बारीक रेघ निघाली. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची जाड पट्टी लावायची राहून गेली होती. इंजिन रबरावर बसलेलं, त्यामुळे स्टार्टरचा शेकडो अँपिअर करंट परतीची वाट शोधत त्या बारीक केबलमधून गेला. हात लावला तर चटका बसला. तेव्हापासून मी सगळ्यात आधी अर्थिंग लावतो. रंग खरवडून, उघड्या पत्र्यावर, एक इंजिनाकडून आणि एक गिअरबॉक्सकडून.

ब्रेकबद्दल थोडक्यात. गाडीतली गतिऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. १०० ऐवजी १४० च्या वेगाने जाणारी गाडी थांबवायला ब्रेकना जवळपास दुप्पट उष्णता पचवावी लागते. इंजिन वाढवलं आणि ब्रेक तेच ठेवले, अशी गाडी मी तरी चालवणार नाही.

आता क्रम. बहुतेक जण पहिल्याच शनिवारी जुनं इंजिन बाहेर काढतात, कारण त्यात उत्साह असतो. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. जुनं इंजिन शेवटपर्यंत चालू ठेवा. आधी ब्रेक बदला आणि गाडी चालवा. मग डिफरेन्शियल. मग मोठा रेडिएटर आणि पंखे. जमत असेल तर टाकीतली सोयही करून घ्या. प्रत्येक कामानंतर गाडी रस्त्यावर असते, त्या कामातली चूक त्याच आठवड्यात कळते, आणि हुरूप टिकतो. इंजिन निघेल तेव्हा निम्मे सांधे आधीच तयार आणि तपासलेले असतात. नोंदणी, प्रदूषण चाचणी आणि विमा यांचे नियम जागोजागी वेगळे असतात, म्हणून इंजिन विकत घेण्याआधीच लेखी विचारून घ्या.

काढण्याच्या दिवशी घाई नको. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर. पेट्रोलचा दाब आधी सोडा. एसीचा गॅस हवेत सोडू नका, तो काढून घेणाऱ्याकडून काढून घ्या. क्रेनला लटकलेल्या इंजिनाखाली हाताचं बोटसुद्धा नको.

पहिल्यांदा सुरू करताना स्पार्क आणि इंजेक्टर बंद ठेवून स्टार्टर थोडा थोडा फिरवा, तेलाचा दाब दिसेपर्यंत. मग फक्त पंप चालू करून प्रत्येक पाइपच्या जोडावर कोरडा कागद फिरवा, ओला झाला तर तिथेच थांबा. आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा आणि सोबत एक माणूस असू द्या, नजर इंजिनावर ठेवायला. इंजिन सुरू झालं की पहिली नजर तेलाच्या दाबावर, दुसरी तापमानावर. आवाज ऐकण्याचा आनंद नंतर घ्या.

माउंटिंग, बेल हाउसिंग, प्रोपेलर शाफ्ट आणि ब्रेकचे बोल्ट शेवटचे आवळले की प्रत्येकावर रंगाची एक रेघ ओढा, अर्धी बोल्टवर आणि अर्धी पत्र्यावर. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर गाडी पुन्हा स्टँडवर घ्या आणि टॉर्च घेऊन खाली जा. जिथे रेघ तुटलेली दिसेल, तो बोल्ट हललाय.